माहेर या सदराखालचा खर्च

१ जून, रविवार

ही डायरी जानेवारीत विमा एजंटने फुकट दिली. गेले पाच महिने ती फ्रिजवर होती आणि छाया तिच्यावर दुधाचं पातेलं ठेवत होती. फुकट मिळालेल्या वस्तूला आमच्या घरात हा मान. आजपासून मात्र तिचा सदुपयोग सुरू.

काल साजगावच्या आमच्या कारखान्यात व्याख्यान झालं. मे महिन्यापासून ओव्हरटाइम बंद झाला, त्याचं कामगारांना वाईट वाटू नये म्हणून कंपनीने प्रत्येकी एक समोसा आणि ‘कुटुंबाचं अंदाजपत्रक’ या विषयावर तासभर ज्ञान दिलं. ज्ञान देणारा मुलगा टाय लावलेला आणि बिनलग्नाचा होता. तो म्हणाला, घर कंपनीसारखं चालवा, प्रत्येक खर्चाला सदर पाडा आणि गळती शोधा. समोसा थंड होता, पण मुद्दा पटला. स्टोअरमध्ये मी वीस वर्षं नटबोल्ट सांभाळतोय, एक वायसर माझ्या सहीशिवाय बाहेर जात नाही. आणि घरी? पगार आणून छायाच्या हातात द्यायचा आणि महिनाअखेर तिच्याकडेच पेट्रोलला पैसे मागायचे. भिसेगावात मला लोक हुशार समजतात, त्यांना हे माहीत नाही.

भाग्यश्री नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला गेली. तिची फी नोव्हेंबरअखेर भरायची आहे. पहिल्या वर्षाची फी छायाने भरली होती. कशी भरलीस, असं मी तेव्हाही विचारलं होतं. ती म्हणाली, “झाली सोय.” म्हणजे हिच्याजवळ पैसा शिल्लक पडतो आणि मला कळत नाही. यालाच तो मुलगा गळती म्हणत असणार.

आज जेवताना जाहीर केलं की यापुढे घरखर्च मी बघणार. मला वाटलं होतं रडारड होईल. छायाने डब्यातून पैशांचा बटवा काढला, माझ्या ताटाशेजारी ठेवला आणि “करा” म्हणून आमटी वाढली. इतक्या सहज कोणी खुर्ची सोडत नाही. काहीतरी दडवलेलं असणार.

४ जून

सदरं पाडली. किराणा, दूध, गॅस, वीज, पेट्रोल, औषधं, भाग्यश्री, सणवार, किरकोळ. आणि एक सदर असं निघालं की बाकी सगळी त्यापुढे लहान वाटावीत. माहेर.

छायाचं माहेर चौक गावाच्या आत, जुना हायवे सोडला की अर्ध्या तासावरचं गाव. तिथे तिचा मोठा भाऊ धाकलू शेती करतो. नाव धाकलू आणि भावंडांत थोरला, इथूनच त्या घरातल्या हिशेबाची कल्पना यावी. तर छाया तिथे वर्षातून किती वेळा जाते विचारू नये. जाताना धाकलूच्या मुलांना वह्यापुस्तकं, त्याच्या बायकोला, आवडीला, साडी, म्हातारीच्या वर्षश्राद्धाला शिधा, जत्रेला मटण. सगळं तोंडी, पावती एकाही गोष्टीची नाही.

तांदूळ हा विषय मी अंदाजपत्रकात घेतलेला नाही, कारण तो येतो. दरवर्षी मळणी झाली की धाकलू टेंपोतून पोती आणून टाकतो, सोबत वाल, आणि मे महिन्यात आंबे. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरत नाही. जे आपोआप येतं ते खर्चात धरायचं नसतं, एवढं अकाउंट्स मलाही कळतं.

२२ जून

खोपोलीहून घाऊक भावात तेलाचा पंधरा किलोचा डबा आणि दहा किलो तूरडाळ आणली. छाया म्हणाली, आपण तीन माणसं, त्यातली एक हॉस्टेलवर. मी तिला घाऊक आणि किरकोळ यातला फरक समजावून सांगितला. तिने शांतपणे ऐकून घेतलं. शिकायची तयारी आहे तिची.

८ जुलै

आज खरी शस्त्रक्रिया.

लावणी सुरू झाली. दरवर्षी या दिवसांत छाया आठवडाभर माहेरी जाते आणि गुडघाभर चिखलात उभी राहून भाताची रोपं लावते. त्यांच्या शेतात कोपऱ्याला एक खाचर आहे. छायाचं लग्न झालं त्या वर्षी तिच्या बापाने ते दाखवून सांगितलं, हे तुझ्या हातचं. तेव्हापासून ते दुसऱ्या कोणी लावायचं नाही. ती येईपर्यंत धाकलू तेवढा तुकडा मोकळा ठेवतो. गावात सगळ्यांची लावणी उरकलेली असते आणि हे बहिणीची वाट बघत बांधावर बसलेले.

मी सरळ हिशेब मांडला. लावणीच्या बाईला आज रोजाला चारशे मिळतात. तू फुकट राबतेस, वर गाडीभाडं आपलं, वर नेलेला खाऊ आपला, आणि परत आल्यावर कंबरेला लावायचं मलमही आपलंच. जगातल्या कुठल्याही कंपनीत असा कामगार सापडणार नाही. आणि एवढं करून तिकडे चहाला पिशवीचं दूध. गेल्या वर्षी मी स्वतः प्यायलो. दारात गोठा असलेल्या माणसाने पिशवीचं दूध आणावं, मग त्याला बहिणीचा हातभार लागणारच. माझं म्हणणं एवढंच होतं की यंदा जाऊ नये. तू गेली नाहीस म्हणून भात उगवायचं थांबत नाही.

छाया म्हणाली, “बाकी काय पन कापा. माज्या साड्या कापा, चहा कापा, म्या वरडनार नाय. माजं माहेर तेवडं कापू नका.”

मी म्हटलं, माहेर कोण कापतंय, सदर कापतोय.

११ जुलै

छाया गेली नाही. धाकलूचा दोनदा फोन आला. तिने सांगितलं, यांना सुट्टी नाय, घरी कोनी नाय. माझ्या सुट्टीचा आणि तिच्या लावणीचा काय संबंध ते मला कळलं नाही, पण नवऱ्याचा आडोसा करायची बायकांना सवय असते. मी ऐकून सोडून दिलं.

संध्याकाळी ती दारात उभी राहून पावसाकडे बघत होती. भजी कर म्हटलं, तर म्हणाली तेल तुमच्या डब्यात हाय, तुमीच मोजून द्या.

३१ जुलै

दुसऱ्या महिन्याचा ताळेबंद उत्तम. जेवणाच्या सुट्टीत रिझवानला दाखवला. हा माझ्याच स्टोअरमधला, खोपोलीला राहतो, बायको झिनत घरी शिवणकाम करते. त्याने कागद वरपासून खालपर्यंत वाचला आणि म्हणाला, “रोहिदासभाई, तांदूळ कुठं दिसत नाय.” मी म्हटलं, तो येतो. त्याने विचारलं, कुठून? मी म्हटलं, मेव्हण्याकडून. तो म्हणाला, “आणि मेव्हण्याकडं काय जातं?” मी अभिमानाने सांगितलं, या महिन्यापासून काही नाही. रिझवान हसला आणि त्याने कागदाची घडी घालून परत दिली. झिनत घर चालवते त्याचं, त्याला यातलं काय समजणार.

तूरडाळीला किडे झाले आहेत. पावसाळी हवा.

९ ऑगस्ट, शनिवार

रक्षाबंधन. धाकलू सकाळीच आला. सोबत पिशवीभर शिराळी, भेंडी, आणि दोन काकड्या पायाएवढ्या. छायाने राखी बांधली, ओवाळलं आणि नारळीभात करायला स्वयंपाकघरात गेली. मिक्सर चालू झाला. मी ही वेळ मुद्दाम निवडली होती.

गेले आठ दिवस माझ्या डोक्यात घोळत होतं. सगळी काटछाट करूनही फीचे पैसे काही पुरे होत नव्हते. आणि मग लक्षात आलं की इतकी वर्षं आपण चुकीच्या बाजूला बघतोय. जमीन छायाच्या गेलेल्या बापाची, मुलं दोन, म्हणजे अर्धी छायाची. कायदा आहे. आपल्या मालकीची शेती चौकसारख्या ठिकाणी पडून आहे आणि आपण कंबरेला मलम विकत घेतोय.

मी धाकलूला हे सगळं नीट, सभ्य भाषेत सांगितलं. वाटणी करून मागत नाही, तेवढे आम्ही वाईट नाही. फक्त दरवर्षी लेखी हिशेब हवा. पिकाची किंमत, त्यातून खर्च वजा, उरेल ते निम्मं निम्मं. ही अंदाजाने पोती टाकायची पद्धत बंद. आम्ही दोघांनी विचार करून ठरवलंय, असंही सांगितलं.

धाकलू हातातल्या राखीशी चाळा करत होता. मग विचारलं, “छायाचं म्हननं हाय असं?”

मी म्हटलं, घरात म्हणणं एकच असतं.

त्याने स्वयंपाकघराकडे बघितलं. मिक्सर अजून चालूच होता. “मंग तसंच करू भावोजी,” म्हणाला. “निम्मं निम्मं. कागदावर देतो.” उठला, टोपी घातली, ओवाळणीचं पाकीट टीव्हीपुढे ठेवलं आणि गेला. एवढा मोठा विषय दहा मिनिटांत, आवाज न चढवता मिटला. माणूस अडाणी असेल, पण व्यवहार कळतो.

छाया ताट घेऊन बाहेर आली. दादा कुठं गेला म्हणाली. काम होतं त्याला, असं मी सांगितलं. नारळीभात आम्ही दोघांनी दोन दिवस खाल्ला असता, पण तिने तिचा वाटा झाकूनच ठेवला.

१० ऑगस्ट

कळलं तिला. तिने फोन करून विचारलं आणि धाकलूने सांगितलं.

लग्नाला चोवीस वर्षं झाली, छाया माझ्यावर कधी ओरडली नव्हती. आजही ओरडली नाही, ते जास्त वाईट वाटलं. म्हणाली, “म्या कदी म्हनले असं? वाटा माजा हाय. मागायचा का नाय ते म्या ठरवनार. तुमी माज्या नावानं तोंड का उगडलं?”

मी कंपनीचं उदाहरण दिलं. कंपनी कुठलीही गोष्ट जाहीर करते तेव्हा ‘आम्ही’च म्हणते, ओव्हरटाइम बंद केला तेव्हाही म्हणाली. छायाने ते ऐकलं की नाही माहीत नाही.

तिने भावाला खूप समजावलं म्हणे, की मला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो एवढंच म्हणत राहिला, तुजं काय चुकलं नाय गं, हक्काचंच हाय. ती जितकं नाही म्हणाली तितकं त्याने तिला बरोबर ठरवलं. मग मिटलं की सगळं. मला अजून कळत नाही की कोणी आपल्याला बरोबर म्हटल्यावर माणूस रडतं कशाला.

२ सप्टेंबर

गौरीचा सण यंदा सुटसुटीत. माहेरहून कोणी आलं नाही आणि कोणाला काही द्यावं लागलं नाही. छायाचा भावजयीशी रोज संध्याकाळी अर्धा तास चालणारा फोन आता दोन मिनिटांत आटोपतो. पाऊस हाय का, हाय. बरी हायेस का, हाय. वेळेची बचतही बचतच म्हणायची.

भाग्यश्री हॉस्टेलवरून आली होती. मामा का नाही आला, असं तिने मला विचारलं. आईला विचार म्हटलं. आईने मला विचारायला सांगितलं.

२८ सप्टेंबर

आज मला एक माहिती मिळाली. ती लिहू की नको असा विचार करत होतो, पण डायरी माझीच आहे, कोण वाचणार.

फीची अर्धीच रक्कम जमली आहे. तेलाचा डबा, किडलेली डाळ आणि गाडीची क्लचप्लेट यांनी मधल्या मधे हात मारला. म्हणून छायाला म्हटलं, गेल्या वर्षी तू जशी भरलीस तशी यंदाही उरलेली भर, कुठे ठेवतेस ते मी विचारणार नाही. ती कपडे घड्या करत होती. म्हणाली, “माज्याकडं कुठून येनार? दादानं म्हस इकली तवा भरली.”

मी विचारलं, आणि मला का नाही सांगितलंस? म्हणाली, त्यानंच सांगू नको म्हनलेलं, भावोजींना कमीपणा वाटंल.

म्हणजे गेल्या वर्षी मी त्या घरी बसून पिशवीच्या दुधाची चेष्टा केली तेव्हा ती म्हैस भाग्यश्रीच्या पुस्तकात गेलेली होती. धाकलू माझ्यासमोरच बसला होता आणि त्याने मला अजून एक कप घ्या म्हणून आग्रह केला होता.

आज ताळेबंद काढला नाही.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. दरवर्षी धाकलू टेंपो घेऊन येतो, इथे ओवाळून घेतो आणि मग आम्हाला तिघांना गावी घेऊन जातो. आज सकाळी छाया साडी नेसून तयार होती. नऊ वाजता मोबाइल वाजला. धाकलूने पाचशे एक रुपये पाठवले होते. खाली लिहिलं होतं, कापणी चालू हाय, यायला जमनार नाय, ओवाळणी गोड मानून घे.

एरवी मी यावर दोन ओळी छान लिहिल्या असत्या. गाडीभाडं वाचलं, फराळाचे डबे वाचले वगैरे. छायाने मोबाइल पाटावर ठेवला, त्याच्याभोवती रांगोळी काढलेली होतीच, आणि निरांजन ओवाळलं. भाग्यश्री हसायला गेली आणि मग हसली नाही.

मी फोन लावून धाकलूशी बोलतो म्हणालो. छाया म्हणाली, काय बोलनार? मी फोन परत खिशात ठेवला. धाकलूने माझं ऐकलं होतं, एवढाच त्याचा गुन्हा.

१७ नोव्हेंबर

भाग्यश्रीची फी भरली. पाच महिन्यांच्या काटेकोर बचतीचं फळ म्हणून मी कंपनीच्या पतपेढीचं कर्ज काढलं. जामीन रिझवान राहिला. सही करताना काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

बटवा छायाला परत दिला. तिने तो घेतला, आणि डाळ चाळायला बसली.

२३ नोव्हेंबर, रविवार

काल धाकलूचा निरोप आला की मळणी झाली, तांदूळ गिरणीतून आला, हिशेब घेऊन जा. छाया आज पहाटेच्या गाडीने गेली. मी येतो म्हणालो होतो, तिने नको म्हटलं. नवा तांदूळ निघाला की ती दोन-तीन दिवस तिथे राहते, आवडीबरोबर पापड्या करते. आज दुपारी तीनला परत आली. धाकलूच्या टेंपोत नाही, भाड्याच्या. तीन पोती. मागच्या वर्षी आठ होती.

मी पाणी दिलं. ती भिंतीला टेकून बसली. काय झालं विचारलं. भांडण झालं का?

“भांडान कशाला व्हईल? लई मान केला. आवडीनं पाट मांडला मला. रांगोळी काडली पाटाभवती. म्या चुलीकडं गेले, म्हटलं भाकऱ्या थापते, तर म्हनली, तुमी बसा, पावण्यांनी चुलीकडं येयाचं नस्तं.” छायाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. “त्या चुलीला म्या माती लावलीय. लग्नाच्या आदी, माज्या हातानं. आज मला भात वाडताना इचारलं, अजून देऊ का.”

मी तिला म्हटलं, मी चुकलो छाया. मला इतके दिवस वाटत होतं, हे वाक्य फार अवघड असेल. अवघड नव्हतं, फक्त त्याचा काही उपयोग झाला नाही.

तिने कमरेच्या पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. दादानं दिलाय, म्हणाली, आणि सांगितलंय, भावोजींना तपासाया सांग.

मी तो घेऊन दारात उजेडाला बसलो. धाकलूचं अक्षर शाळेतल्या पोरासारखं, प्रत्येक आकडा वेगळा. नांगरणी, बियाणं, खत, लावणी, कापणी, मळणी, गिरणी. सगळं मी सांगितलं होतं त्याच पद्धतीने, आधी खर्च वजा, मग निम्मं निम्मं. कोपऱ्यातल्या खाचराची लावणी वेगळी लिहिली आहे, दोन बाया, एक दिवस, रोज चारशे. तो खर्चही त्याने निम्मा स्वतःकडे घेतला आहे. आमच्या वाट्याला तीन पोती आणि वर चौदाशे साठ रुपये. ते पैसे कागदाच्या घडीतच होते.

छाया आतून उठून माझ्यामागे येऊन उभी राहिली. “नीट बगा,” म्हणाली. “दादा सातवी शिकलेला. येकादी तरी चूक आसंल.”

मी पुन्हा बेरीज केली. मग वजाबाकी उलटी करून बघितली. स्टोअरमध्ये वीस वर्षं मी लोकांच्या चुका काढतोय, मला नजरेला दिसतात. आज मात्र मी चूक सापडावी म्हणून बघत होतो. दहा रुपयांची सापडली असती तरी चाललं असतं. छायाला भावाला फोन करून म्हणता आलं असतं, दादा, तुझं गणित चुकलं, आणि तो चिडला असता, कुठं चुकलं, ये इकडं, दाखव मला.

ती अजून उभी होती. “सापडली का?”

नाही म्हणालो. बरोबर आहे सगळं.